रोध कोणाचा? विभवांतर कुठले?

विद्यार्थी मित्रांनो, पुढचे उदाहरण तुमच्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी सोडवलेले असेल. ‘एका विजेच्या दिव्याच्या टोकांना २३० व्होल्ट विभवांतर लावले असता दिव्यातून ०.२६ अँपिअर प्रवाह वाहतो. दिव्याचा रोध आणि त्याची शक्ती काढा.’ विभवांतराला प्रवाहाने भागले की रोध मिळाला, सुमारे ८८५ ओहम. विभवांतराला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळाली, सुमारे ६० वॉट. अर्ध्या मिनिटाचे काम. एकके लिहायला विसरला नाहीत तर पुरे गुण.

कित्येक वर्गांत याहूनही सोपी युक्ती सांगतात. एक त्रिकोण काढायचा. वरच्या मजल्यावर विभवांतर, खालच्या मजल्यावर शेजारी शेजारी प्रवाह आणि रोध. जी राशी हवी तिच्यावर बोट ठेवायचे. उरलेल्या दोघींचा गुणाकार करायचा की भागाकार, ते त्रिकोणच दाखवतो. शक्तीसाठी असाच दुसरा त्रिकोण. बीजगणिताचा धसका घेतलेल्या मुलांना ही युक्ती फार आवडते. शिवाय ती कधी चुकत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे, की हा त्रिकोण फळ्यावरून पुसून टाकावा. चुकत नाही हाच त्याचा दोष. त्यात कोणतेही दोन आकडे घाला, तिसरा आकडा तो बिनतक्रार काढून देतो. ते दोन आकडे एकमेकांचे आहेत की नाहीत, हे तो विचारत नाही. आणि त्याच्या सवयीने आपणही विचारेनासे होतो. रोध कोणाचा? विभवांतर कोणत्या दोन बिंदूंमधले? आणि हे सारे केव्हाचे? विजेच्या कोणत्याही हिशेबात खरे भौतिकशास्त्र या तीन प्रश्नांत असते. भागाकार काय, दुकानदाराचे यंत्रही करते.

वरच्या उदाहरणातलाच दिवा घ्या. ६० वॉटचा, आत तार असलेला, पिवळ्या उजेडाचा जुना दिवा. एलईडी दिवे आल्यापासून तो दुकानात क्वचित दिसतो. पण शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एखादा तरी सापडतोच. तो टेबलावर ठेवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावून त्याच्या दोन वायरींची टोके दिव्याच्या तळाशी असलेल्या दोन ठिपक्यांना टेकवा. अकरावीत नव्याने आलेल्या मुलांना मी आधी विचारतो, ‘मीटर काय दाखवील?’ वर्ग एका सुरात ‘आठशे पंच्याऐंशी’ म्हणतो. मीटर दाखवतो साठ-सत्तरच्या आसपास.

मग वर्गात जी शांतता पसरते, ती मला फार मोलाची वाटते. एखादा म्हणतो, मीटर बिघडलाय. दुसरा म्हणतो, सेल उतरलाय. सूत्र आणि वस्तू यांत तंटा झाला तर वस्तूवर आरोप ठेवायचा, अशी सवय आपण मुलांना लावली आहे, असा याचा अर्थ. खरे तर दोन्ही आकडे बरोबर आहेत. दिवा पेटलेला असताना त्यातली टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. ८८५ ओहम हा पेटलेल्या दिव्याचा रोध. पासष्ट ओहम हा थंड दिव्याचा. आता हा पासष्ट घेऊन पुन्हा भागाकार करा. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी प्रवाह साडेतीन अँपिअरच्या घरात जातो, नेहमीच्या तेरापट! तार तापते तसा तो सेकंदाच्या लहानशा अंशात खाली येतो. जुना झालेला दिवा बहुधा लावताना, ‘टिंग’ असा आवाज करून का जात असे, याचे उत्तर या तेरापटीत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांनी तो आवाज नक्की ऐकलेला असेल.

आता याच्या शेजारी १००० वॉटची इस्त्री ठेवा. तिची पिन भिंतीतून काढलेली असली पाहिजे, हे सांगायला नको, तरी सांगतो. उष्णता नियंत्रित करणारी चकती ‘बंद’वरून पुढे फिरवा आणि पिनेच्या दोन बारीक दांड्यांमधला रोध मोजा. हिशेबाने २३० चा वर्ग भागिले १०००, म्हणजे सुमारे ५३ ओहम यायला हवा. मीटरही पन्नासच्या आसपासच दाखवतो. येथे सूत्र आणि मीटर यांचे जमले. कारण इस्त्रीतली तार निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची असते, आणि त्या मिश्रधातूचा रोध तापल्यावर अगदी थोडा वाढतो. दोन्ही उपकरणे तापतात, दोन्हींवर वॉट छापलेले असतात, दोन्हींना तेच सूत्र लागते. पण एकाचा रोध स्थिर आणि दुसऱ्याचा तेरापट बदलणारा. हा फरक त्रिकोणात कुठे बसवाल?

इथे थोडे मागे जाऊ. विभवांतर भागिले प्रवाह म्हणजे रोध, हा ओहमचा नियम नव्हे. ही नुसती रोधाची व्याख्या झाली. अंतराला वेळेने भागले की सरासरी वेग मिळतो, ही जशी व्याख्या आहे तशी. पण ‘अमुक एसटी सारा वेळ एकाच वेगाने धावते’ हे विधान त्या एसटीविषयीचे आहे. ते खरे असेल किंवा खोटे असेल, रस्त्यावर जाऊन पाहावे लागेल. ओहमचे विधान या दुसऱ्या प्रकारचे आहे. वाहकाचे तापमान आणि इतर भौतिक स्थिती न बदलता विभवांतर दुप्पट केले तर प्रवाह दुप्पट होतो, तिप्पट केले तर तिप्पट. म्हणजे त्यांचे गुणोत्तर तेच राहते, असे तो सांगतो. ‘भौतिक स्थिती कायम असताना’ हे शब्द तुम्ही व्याख्येत तोंडपाठ म्हणता आणि उदाहरण सुरू झाले की सोडून देता.

हा नियम हाती लागायला ओहमला किती झगडावे लागले, हे वाचण्यासारखे आहे. जॉर्ज सायमन ओहम (१७८९–१८५४) हा जर्मनीतल्या कोलोन शहरी शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक. वडील कुलुपे करणारे कारागीर. त्यामुळे हातात हत्यार धरायची भीती नव्हती. १८२५ साली त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा मंडलात घालून प्रवाहाचा परिणाम मोजला आणि एक सूत्र छापले. ते लॉगरिथमचे सूत्र होते, आज आपण शिकतो ते नव्हे. दोष त्याच्या गणितात नव्हता. त्या काळचे विद्युतघट प्रवाह सुरू होताच मंदावत. तार बदलेपर्यंत घटच बदललेला असे. मोजमापाची पट्टीच आखडत जावी, तसा प्रकार. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने घट टाकून दिले आणि बिस्मथ व तांबे यांचा जोड वापरला. झेबेकने १८२१ मध्ये दाखवले होते, की अशा जोडाचा एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की प्रवाह वाहतो. ओहमने एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळतो आहे तोवर दोन्ही तापमाने हलत नाहीत, म्हणून विभवांतरही हलत नाही. १८२६ मध्ये या स्थिर उगमावर त्याने लहानमोठ्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या, टांगलेल्या चुंबकसूचीने प्रवाह मोजला, आणि खरा नियम हाती आला. १८२७ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. मायदेशात त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले ते १८४१ साली.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा इतिहास मी मुद्दाम लांबवला. एका शाळामास्तराने मोजून मोजून, आदल्या वर्षी छापलेले सूत्र पुढल्या वर्षी बदलून जे मिळवले, ते आपण आज बोट ठेवण्याच्या खेळासारखे शिकवतो.

शक्तीच्या सूत्रांकडे वळू. ज्यूलने १८४० च्या सुमारास दाखवले, की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. म्हणजे शक्ती = प्रवाहाचा वर्ग × रोध. ओहमचा संबंध वापरून हेच सूत्र असेही लिहिता येते: शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध. आता नीट पाहा. पहिले सूत्र म्हणते रोध वाढला की शक्ती वाढते. दुसरे म्हणते रोध वाढला की शक्ती घटते. दोन्ही खरी कशी? उत्तर सोपे आहे: काय कायम ठेवले आहे ते पाहा. घरातल्या दोन दिव्यांना समांतर जोडणीमुळे विभवांतर सारखे मिळते, म्हणून कमी रोधाचा दिवा अधिक वॉटचा. तेच दोन दिवे एकापुढे एक, एकसर जोडणीत घातले तर दोघांतून प्रवाह सारखा जातो, म्हणून जास्त रोधाचा दिवा अधिक उजळतो. १०० वॉटचा मंद आणि ६० वॉटचा त्याहून तेजस्वी! प्रश्नसंग्रहात या उदाहरणाचे उत्तर सुमारे १४ आणि २३ वॉट असे देतात. तेही तंतोतंत खरे नाही, कारण दोघे अर्धवट तापलेले असल्याने दोघांचेही रोध उदाहरणात धरले त्यापेक्षा बरेच कमी असतात. उत्तराची दिशा बरोबर, आकडे मात्र कागदावरचे. असो.

तुम्ही म्हणाल, सर, एवढी चिकित्सा कशाला? परीक्षेत तर दिवा तापत नाही. परीक्षेत नाही, पण घरात तापतो, आणि दिव्याहून वेगळ्या वस्तूही तापतात. आंघोळीचे पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड अनेक घरांत असतो. त्याचा रोध सुमारे ३५ ओहम. त्याची पिन सैल झालेल्या सॉकेटमध्ये, किंवा त्याहून वाईट म्हणजे सहा अँपिअरच्या स्वस्त मल्टिप्लगमध्ये खुपसलेली आहे, आणि जिथे पितळेची पत्री पिनेला नीट टेकत नाही तिथे अर्धा ओहम रोध आला आहे असे समजा. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही, असे वाटते. आता तिथे किती शक्ती उष्णतेत जाते ते काढा.

माझ्या अनुभवात, दहातले सहा-सात विद्यार्थी २३० चा वर्ग करून अर्ध्याने भागतात. उत्तर येते एक लाखाहून अधिक वॉट. असे असते तर पिन पाहता पाहता उडून गेली असती. पण उत्तर वहीत उतरते, त्याखाली दोन रेघाही मारल्या जातात. चूक कुठे झाली? २३० व्होल्ट हे भिंतीतल्या दोन छिद्रांमधले विभवांतर. त्या सैल सांध्याच्या दोन बाजूंमधले नव्हे. सांधा आणि रॉड एकसर जोडणीत आहेत. एकूण रोध साडेपस्तीस ओहम, प्रवाह सुमारे ६.४ अँपिअर. सांध्याच्या वाट्याला विभवांतर फक्त ३.२ व्होल्ट. शक्ती सुमारे २० वॉट.

एक लाखावरून वीस. आता निश्चिंत व्हायचे का? रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातला सोल्डरिंग आयर्न आठवा. तो २५ वॉटचा असतो, आणि त्याच्या टोकाला कथिल पाण्यासारखे वितळते. तुमच्या पिनेत, प्लास्टिकच्या बंद डबीत, पाणी तापेपर्यंत तशीच एक कांडी धुमसते आहे. पिवळट-तपकिरी झालेला प्लग, त्याचा तो विशिष्ट वास, शेवटी सॉकेटला चिकटून बसलेली पिन, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा वीसचा आकडा पटेल. आणि त्याच सैल सॉकेटमध्ये ९ वॉटचा एलईडी दिवा लावला तर? प्रवाह अँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी. सांध्यातली उष्णता एका वॉटचा शंभरावा भागही नाही. म्हणून ‘इथे टेबललॅम्प वर्षभर नीट चालला, मग रॉड का चालू नये’ हा युक्तिवाद घात करतो. प्रवाहाचा वर्ग काय करतो, ते येथे कळते.

पण माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे. ती शेतातल्या मोटारीविषयी आहे.

आपल्याकडच्या ग्रामीण भागातला कोणताही मुलगा किंवा मुलगी जाणते, की व्होल्टेज कमी असताना पंप चालवला तर मोटार जळते. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने तासाला मला विचारले, ‘सर, विभवांतर कमी झालं की प्रवाह कमी होतो, प्रवाह कमी झाला की उष्णता कमी होते. मग व्होल्टेज डाऊन असताना आमची मोटार जळते कशी?’ शाळेत त्याने हेच विचारले होते, तेव्हा ‘ते अभ्यासक्रमात नाही’ असे उत्तर मिळाले होते. त्याने मनाशी हिशेब केला: शाळेतली वीज वेगळी आणि शेतातली वेगळी. मुलाच्या मनात एकदा ही फाळणी झाली, की पुढे कितीही गुण मिळोत, विज्ञान त्याच्या घरात शिरत नाही. मी या त्रिकोणावर इतका का चिडतो, ते आता लक्षात येईल.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. रॉडचा रोध जवळजवळ कायम असतो, म्हणून रॉड सूत्राप्रमाणे वागतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर १५०० वॉटचा रॉड सुमारे ९२० वॉटवर उतरतो, आणि पंधरा लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला १४ मिनिटांऐवजी २३ मिनिटे लागतात. उशीर होतो, पण धोका नाही. मोटार मात्र नुसती तार नव्हे. ती काम करणारे यंत्र आहे. जळालेली मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे भरायला दिली असेल, तेव्हा भरून झालेल्या वेटोळ्याला मीटर लावून पाहा. रोध काही थोडेच ओहम भरतो. समजा ४ ओहम. तीन फेजच्या मोटारीचे ४१५ व्होल्ट त्याने भागा: शंभरावर अँपिअर. प्रत्यक्षात पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर आठ-नऊ अँपिअरच्या घरात प्रवाह घेते. म्हणजे वेटोळ्याचा रोध हा प्रवाह ठरवतच नाही.

मग कोण ठरवते? मोटारीच्या बाहेरच्या वेटोळ्यांमुळे आत एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. मधला रोटर त्या क्षेत्रामागे धावतो, पण नेहमी थोडा मागे राहतो. मागे राहिला म्हणूनच क्षेत्र त्याच्या दांड्यांना कापत जाते, त्यांच्यात प्रवाह निर्माण होतो आणि पिळाचा जोर मिळतो. विहिरीतले पाणी वर चढवायला लागणारा जोर मात्र व्होल्टेज पाहून कमी होत नाही. पाण्याचे वजन तेवढेच, उंची तेवढीच. व्होल्टेज घटले की क्षेत्र दुबळे होते. तेवढाच जोर काढायचा तर रोटर आणखी मागे पडतो, त्यातला प्रवाह वाढतो, आणि तो पुरवण्यासाठी बाहेरच्या वेटोळ्यांतला प्रवाहही वाढतो. ८ चे १० अँपिअर झाले तर वेटोळ्यातली उष्णता दीडपटीहून अधिक होते. येथे प्रवाहाचा वर्ग × रोध हे ज्यूलचे सूत्र चोख लागू आहे, कारण ते वेटोळ्याच्या तारेविषयी आहे आणि त्यात त्याच तारेतला प्रवाह घातला आहे. ओहमचे भागाकाराचे सूत्र लागू नाही, कारण टोकांना लावलेले ४१५ व्होल्ट सारेच्या सारे तारेच्या रोधावर खर्च होत नाहीत.

आणि सुरुवातीची गोष्ट तर याहून वाईट. मोटार सुरू होताना रोटर स्थिर असतो. त्या वेळी ती नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह खेचते. तिचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ४१५ चे ३३० झाले तर जोर जवळजवळ ६३ टक्के उरतो. तेवढ्याने पंप उचलला नाही, तर मोटार नुसती गुरगुरत बसते आणि कितीतरी पट प्रवाह काही केल्या खाली येत नाही. स्टार्टरमधला रिले अशा वेळी तिला तोडण्यासाठीच असतो. तो ‘सारखा पडतो’ म्हणून बाद करून ठेवलेले स्टार्टर किती असतील, हे शेतकऱ्यांच्या मुलांनीच मला सांगितले आहे. रिले पडतो तो का पडतो, हे त्यांना वर्गात कोणी सांगितले असते तर?

आता शिक्षकांची बाजू. मी तिला हसण्यावारी नेत नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, ४० गुणांची प्रश्नपत्रिका, धड्यामागून धडे, आणि मागच्या बाकावर असे काही विद्यार्थी की ज्यांना समीकरणाची एक बाजू दुसरीकडे नेता येत नाही. त्यांना पास व्हायचे आहे. त्रिकोण त्यांना दोन गुण मिळवून देतो. हे खरे आहे. कुबडी कोणाला लागत असेल तर ती काढून घ्यावी असे मी म्हणणार नाही. मात्र ज्याचे पाय धड आहेत त्याच्याही काखेत आपण ती देतो, हे थांबवता येईल. शिवाय मी काही मोठा धडा वाढवा असे म्हणत नाही. उदाहरण सोडवण्याआधी एक लहान आकृती काढायला लावावी, विभवांतराचा आकडा ज्या दोन बिंदूंमधला आहे त्या बिंदूंना खुणा करायला लावाव्यात, आणि उत्तर आल्यावर एकच प्रश्न विचारावा: ‘हे संभवते का?’ एक लाख वॉट लिहिणारा मुलगा या प्रश्नापाशी थबकेल. त्याला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

आणि प्रयोग? ओहमच्या नियमाचा प्रयोग आपण तारेच्या वेटोळ्यावर करतो आणि आलेख सरळ रेषा येतो. अनेक प्रयोगवह्यांत तर तो इतका सरळ असतो, की रेषा आधी आणि वाचने मागाहून आली, हे उघड दिसते. माझी सूचना अशी, की त्या वेटोळ्याबरोबर टॉर्चचा एक तारेचा बल्ब द्यावा, २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचा. दोन सेल, एक रिओस्टॅट, आणि काही शे रुपयांत मिळणारे दोन मल्टिमीटर. आकडे साधारण असे येतील: ०.२ व्होल्टला ०.०७५ अँपिअर, १.४ व्होल्टला ०.२२ अँपिअर, २.७ व्होल्टला ०.३१ अँपिअर. भागाकार करा: २.७ ओहम, ६.४ ओहम, ८.७ ओहम. आलेख वाकडा! ही वाचने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवता येत नाहीत, कारण शेजाऱ्याचा बल्ब थोडा वेगळा असतो. वक्र आलेख काढून आणणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या. आणि वाक का आला हे ज्याने लिहिले, त्याच्या वहीवर एक ओळ शेरा लिहा.

मित्रांनो, हे प्रयोग सेलवरच करायचे. भिंतीतल्या विजेवर मल्टिमीटर लावून प्रवाह मोजण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये, आणि चालू उपकरणाचा रोध तर कधीच मोजू नये. मीटरही जाईल आणि हातही भाजेल.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रश्न ठेवतो. घरातल्या मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत काय छापले आहे, ते भिंग घेऊन वाचा. साधारण असे असते: आत येणारे १०० ते २४० व्होल्ट, ०.३५ अँपिअर, बाहेर जाणारे ५ व्होल्ट, २ अँपिअर. एका विद्यार्थ्याने २४० ला ०.३५ ने गुणले, ८४ वॉट आले. बाहेरचे ५ गुणिले २, म्हणजे १० वॉट. उरलेले ७४ वॉट चार्जरमध्ये उष्णता होऊन वाया जातात, असा त्याने निष्कर्ष काढला, आणि जाता जाता ५ ला २ ने भागून चार्जरचा रोध अडीच ओहम असेही लिहून टाकले. गुणाकार-भागाकार सगळे बरोबर आहेत. आता फोन लावून अर्धा तास झाल्यावर चार्जरला हात लावा. जुन्या साठ वॉटच्या दिव्याहून अधिक उष्णता त्या मुठीएवढ्या डबीतून बाहेर पडते आहे का, ते पाहा. मग छापलेली ओळ पुन्हा वाचा आणि ठरवा, की ०.३५ अँपिअर हा नेहमीचा प्रवाह की कमाल, तो कोणत्या व्होल्टबरोबर जायला हवा होता, आणि अडीच ओहम जर कोणाचा असेलच तर तो कोणाचा.